मार्गशीर्षातला गुरुवार आणि सुकटीचा डबा

पहाटे ५.१०

मांजर धरायचं तर वार बघावा लागतो. गुरुवार चांगला, आणि तो मार्गशीर्षातला असेल तर फारच चांगला. यात ज्योतिष काही नाही. पळसदरीच्या रस्त्यावर पाटी घेऊन बसणारी मासेवाली मावशी गुरुवारी येत नाही, कारण गुरुवारी मासळी घेतंय कोण? मार्गशीर्षात तर कित्येक घरांत महिनाभर वर्ज्य. तिने बाजूला टाकलेल्या डोक्या-शेपट्यांवर पोसलेली स्टेशनाकडची मांजरं त्या दिवशी अर्धपोटी राहतात. पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नाही. भुकेलं मांजर निदान विचार तरी करतं.

म्हणून बुंदीसाठी मी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार धरून ठेवला होता.

परसातल्या चुलीवर तवा ठेवला आणि मूठभर सुकट टाकली. भाजलेल्या सुकटीचा वास ओल्या मासळीपेक्षा लांब जातो. तो कुंपणापलीकडेही गेला आणि वहिनींचं दार उघडलं.

“बाई, आज गुरुवार ना हो? तुम्हाला मांडणी नाही करायची?”

“मांडणी घरात, सुकट परसात. आणि अंघोळ व्हायचीय अजून.”

वहिनी काही बोलल्या नाहीत, पण खिडकी जरा जोरात लागली. सुकटीचा डबा मी महिनाभर घराबाहेर, तुळशीपासूनही दहा पावलं लांब ठेवते. तरी वहिनींच्या लेखी बाईंचं जरा चळलंच आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, या मांजरं शोधतात.

५.४५

बुंदी डोंबिवलीची. आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, पिवळी, तीन वर्षांची, ऑपरेशन झालेली भाटी. दिवाळीला तिची माणसं इथे ओळखीच्यांच्या बंगल्यावर राहायला आली आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री समोरच्या बंगल्यात माळा लागल्या. न्हाणीघराच्या खिडकीची एक काच सरकलेली होती. मांजराला तेवढी पुरते.

भाऊबीज होईपर्यंत त्या बिचाऱ्यांनी तळं पालथं घातलं, धबधब्याची वाट चढले, सोंडाईच्या डोंगराकडे जाऊन हाका मारल्या. नंतर नोकऱ्या आणि मुलीची शाळा. जाताना कुणीतरी त्यांना माझं घर दाखवलं.

हरवलेलं मांजर डोंगर चढत नाही. ते जवळच असतं, फक्त गप्प असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १,२१० हरवलेल्या मांजरांची माहिती जमवून एक अभ्यास छापला. जी सापडली त्यातली तीन चतुर्थांश सुटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. सगळ्यात उपयोगी पडलं ते स्वतः हिंडून, कोपरे धुंडाळून शोधणं. घाबरलेलं मांजर मालकिणीच्या हाकेलाही ओ देत नाही. समोरच्या झुडपात बसून ऐकत राहतं, हलत नाही. माणसाला वाटतं इथे नाही, आणि माणूस पुढच्या डोंगराकडे चालू लागतो.

तो बंगला आणि स्टेशन यांत ५०० मीटरही नाहीत. स्टेशनाच्या खालच्या अंगाला एक पडकी खोली आहे, तिच्यामागे करवंदीची जाळी, आणि तिथे या भागातल्या उकिरड्यावरच्या मांजरांचा संसार. मी रोज पहाटे इथे येते आणि आधी हजेरी घेते. शाळेत एक मूल कमी भरलं तर सगळ्या वर्गाची नावं पुकारावी लागतात, तसंच हे. बुंदीला शोधायचं तर आधी बाकीची कोण, कुठून येतात, कुणानंतर कोण खातं, हे पाठ हवं. त्याशिवाय गर्दीतलं परकं मांजर ओळखू येत नाही.

तर आजची हजेरी. तिरंगी, तिची दोन वाढती पिल्लं, तिरंगीची बहीण असावी अशी कबरी, एका डोळ्याची काळी. हा मुख्य गोतावळा, आणि तो बायकांचा आहे. मांजरांत वस्ती आया-बहिणी-मावश्यांची असते. त्या एकमेकींना चाटतात, अंग घासतात, सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो. तो वास नसलेली ती परकी. बोके येऊन-जाऊन. त्यातला खंडू हा पिवळा, रुंद गालफडांचा, फाटक्या कानाचा, आणि त्याच्यामुळेच सगळा घोटाळा.

कारण गावात विचारलं की जो तो सांगतो, “पिवळा ना? बघितला की स्टेशनाकडे.” तो खंडू असतो. पिवळ्या मांजरांत पाचांतले चार बोकेच निघतात. तो रंग एक्स गुणसूत्रावर बसलेला. बोक्याजवळ एक्स एकच, त्याला एक पुरतो. भाटीला दोन्हीकडून पिवळा मिळाला तरच ती पूर्ण पिवळी, एकाच बाजूने मिळाला तर आमच्या तिरंगीसारखी चट्ट्यापट्ट्यांची. म्हणून तिरंगी ही जवळजवळ नेहमी मादीच. जपानी आणि अमेरिकी संशोधकांच्या दोन गटांनी २०२५ मध्ये यामागचं नेमकं जनुक शोधून काढलं. आमच्या कामापुरतं एवढंच, की पिवळी भाटी दुर्मिळ नसली तरी कमी आहे, आणि “पिवळा” ऐकलं की मी आधी गालफडांबद्दल विचारते.

६.२०

पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढायला लागली. पळसदरीला रूळ फुटतात. एक वाट खोपोलीला जाते, ती १८५६ ची. दुसरी बोरघाट चढून लोणावळ्याला, ती १८६३ ला सुरू झाली. मधल्या वर्षांत माणसं खोपोलीला उतरून पालखीतून, घोड्यावरून घाट चढत. आता कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात आणि ती ३७ ला १ अशा चढावर गाडी ढकलत नेतात. जवळून जाताना छातीत घरघरतं.

बुंदी मला सापडली ती या बँकरमुळे. स्टेशनावरची मांजरं जन्मल्यापासून ही घरघर ऐकतात, बँकर आला म्हणून कुणी तोंडातला काटा सोडत नाही. दिवाळीनंतर काही दिवसांनी गाडी गेली तेव्हा सगळी खात राहिली आणि जाळीच्या कडेला एक पिवळं अंग जमिनीला चिकटलं, कान मागे चपटे. डोंबिवलीत गाड्या काय कमी आहेत? पण त्या आठव्या मजल्यावरून ऐकलेल्या.

मोबाईलवरच्या फोटोशी ताडून पाहिलं. बुंदीच्या खालच्या ओठावर उजवीकडे दोन काळे तीळ आहेत. पिवळ्या मांजरांना वयाबरोबर नाकावर-ओठांवर असे तीळ येतात. लांबून ते दिसायला मासा तोंडात धरून मान वर करावी लागते, आणि परकीच्या वाट्याला मासा सगळ्यात शेवटी येतो. त्यामुळे खात्री व्हायला बराच काळ गेला.

आज ती आली. कबरीने एक फुत्कार टाकला, ही तीन हात मागे सरकली आणि बसली. महिन्याभरात पाठीचा कणा दिसायला लागलाय. मी सुकटीचा एकच तुकडा तिच्या दिशेने टाकला. जास्त नाही. भूक संध्याकाळपर्यंत टिकायला हवी, याला कुणी निर्दय म्हणालं तरी.

७.३०

खोपोली लोकल येऊन गेली की पहाटेचा खेळ संपतो. मांजरं उजाडता-मावळताची. ऊन वर आलं की ती दिसेनाशी होतात. गुरुवार असल्याने स्वामी समर्थ मठाकडे जाणारी माणसं उतरायला लागली होती.

चहाच्या टपरीवर माझा अर्धा तपास चालतो. जाहिराती मीही लावल्या आहेत, पण जाहिरात वाचणारा माणूस मांजर बघत नाही आणि मांजर बघणारा जाहिरात वाचत नाही. बघणारे कोण? टपरीवाला, मासेवाली, रात्रपाळीचा रखवालदार, पहाटे दूध घालणारा, आणि ठाकरवाडीतली पोरं. या पोरांसारखी नजर कुणाची नाही. त्यांनीच सांगितलं होतं की पिवळी दुपारी पेंढ्याच्या उडवीत झोपते. झोडणी उरकलीय, खळ्यांवर उडव्या रचल्यात, त्यांत उंदीर भरपूर. गावठी मांजर असतं तर म्हटलं असतं पोट भरेल. पण फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर म्हणजे हलणारं खेळणं.

“बाई, आज धरणार?” टपरीवाल्याने विचारलं. तो माझ्याकडे सातवीला होता.

“बघू. तू संध्याकाळी बिस्किटं टाकू नकोस त्यांना.”

“नाही टाकत. पण तो खंडू येतो ना, काउंटरवर चढतो.”

“त्यालाही नाही.”

८.४५

अंघोळ, मांडणी, कहाणी. हे वहिनींच्या समाधानासाठी लिहितेय असं समजा.

मग फोन. बुंदीची आई आठवड्यातून चारदा तरी करते आणि दरवेळी एकच विचारते.

“काकू, आम्ही येऊ का? ती माझा आवाज ओळखेल.”

“ओळखेल गं, पण येणार नाही. तुम्ही तिघं आलात की बाकीची पळतील, त्यांच्याबरोबर हीपण पळेल. धरली की कळवते, मग या.”

“तिची चादर पाठवलीय ती…”

“आहे. न धुता ठेवलीय.”

ती न धुतलेली चादर महत्त्वाची. मांजर डोळ्यापेक्षा नाकाने माणसं ओळखतं. मी तिचे दोन तुकडे केले. एक पिंजऱ्यात अंथरायला, एक वरून झाकायला.

१०.००

बंगल्यांची फेरी. कर्जत-खालापूरच्या या पट्ट्यात शनिवार-रविवारची घरं इतकी झालीत की आठवड्याचे पाच दिवस अर्धी वस्ती कुलपात असते. मांजरांच्या दृष्टीने हे फार वाईट. रविवारी दार उघडं, मांजर आत, संध्याकाळी कुलूप. पुढच्या शनिवारपर्यंत त्याला ना पाणी ना अन्न. म्हणून हरवलेल्या मांजराच्या शोधात पहिली जागा म्हणजे पंपाची खोली, गॅरेज, गच्चीवरच्या टाकीखालचा कोनाडा, माळा. उंबऱ्याशी राख पसरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पावलं बघायची. मांजराच्या पावलात नख उमटत नाही, कुत्र्याच्या उमटतं.

बुंदीचा ठिकाणा कळला असतानाही मी ही फेरी का करते? कारण सगळ्यांचे फोन अजून येतात, आणि त्यातला एखादा दुसऱ्याच कुठल्या मांजराचा निघतो. आज एका शेतघरावरून बोलावणं होतं. “तुमचं मांजर रोज रात्री आमच्या पत्र्यावर धावतं. काळपट आहे, पण अंधारात कदाचित पिवळं दिसत नसेल.” माळ्यावर चढून बघितलं तर कोपऱ्यात लेंड्या, त्यांत फळांच्या बिया. उदमांजर. नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे, वन्यजीव कायद्याने संरक्षित, आणि चिकू पिकल्याचं मालकाआधी त्याला कळतं. केअरटेकरला सांगितलं, पत्र्याला टेकलेली फांदी छाटा, ते आपोआप येणं बंद करेल.

पुढच्या गल्लीत एका बंगल्याचे व्यवस्थापक उभे होते. त्यांचं म्हणणं ठरलेलं आहे. सगळी मांजरं पोत्यात भरून घाटावर सोडून द्यावीत. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. पहिली कायद्याची: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपासमारीने हाल होतील अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. पिशवीतून आणून इथे पिल्लं सोडणारे पाहुणेही त्यात बसतात. दुसरी हिशेबाची: खरकटं आहे तिथे मांजर आहे. ही गेली तर दुसरी येतील, नवी, बिनऑपरेशनची. मांजराचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात, आणि पाच महिन्यांची भाटी गाभण राहू शकते. त्यापेक्षा आहेत त्यांचं ऑपरेशन करा, कानाचं टोक छाटलेलं असलं की लांबूनही कळतं झालंय म्हणून. तिरंगी आणि कबरीचं झालंय, त्यानंतर त्यांची नवी पिल्लं दिसली नाहीत. व्यवस्थापक म्हणाले, “ते ठीक आहे, पण गाडीच्या बॉनेटवर बसतात त्याचं काय?” त्याला माझ्याकडे उत्तर नाही. थंडीत गरम बॉनेटवर मीसुद्धा बसले असते.

१.००

जेवण. गुरुवारचा उपास सोडायचा रात्री, म्हणजे दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. त्यानंतर मी झोपते. मांजरंही या वेळेला झोपतात.

४.१५

पिंजरा बाहेर काढला. कर्जतच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलाय: लांबीला अडीच हात, बारीक जाळी, वरून पडणारं दार. बाजारात मिळतो त्या पिंजऱ्यात मांजराचा पाय पट्टीवर पडला की दार आपोआप पडतं. एकटं मांजर असेल तर तो उत्तम. पण इथे मिळून सात-आठ तोंडं, त्यांतलं एकच हवंय, आणि पहिला शिरणार खंडूच. त्याला धरून सोडला की त्याची धडपड बघून बाकीची शहाणी होतात. म्हणून पट्टी काढून टाकलीय. दाराखाली पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली टेकू म्हणून उभी करायची, बाटलीच्या गळ्याला सुतळी, आणि सुतळीचं दुसरं टोक आपल्या हातात. हवं ते मांजर आत गेलं की हिसका. बाटली भरलेली हवी, रिकामी असली तर वाऱ्याने पडते. सुतळी जमिनीवरून न्यायची, हवेत लोंबकळती ठेवली तर पिल्लं खेळतात.

चादरीचा तुकडा तळाला. त्यावर मागच्या टोकाला सुकट, दारापाशी दोनच दाणे, मध्ये काही नाही. मांजराने पूर्ण आत जायला हवं. शेपूट दारात अडकली तर ती मोडते.

जाड हातमोजे, साबणाची वडी, पाण्याची कळशी. साबण ओरखड्यासाठी. मांजर चावलं-ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लसीला जायचं, हळद-चुना काही नाही. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो हा समज अजून पुष्कळांचा आहे.

५.३५

दिवस मावळतीला लागला. खोलीच्या भिंतीआड पाटावर बसले, सुतळी बोटाला गुंडाळून. ठाकरवाडीतली दोन पोरं मागे झाडावर. त्यांना खाली बसा म्हटलं तर म्हणाली, वरून चांगलं दिसतं. खरं होतं.

पहिली तिरंगी आली. तिला पिंजरा माहीत आहे, ऑपरेशनच्या वेळी ती त्यात बसून पनवेलला जाऊन आलीय. तिने लांबूनच नाक उडवलं आणि बसून राहिली. तिची पिल्लं तिच्यामागे. मग खंडू, थेट आत. पोरांनी वरून “बाई, बाई!” केलं. मी हात हलवला नाही. त्याने सुकट खाल्ली, चादर हुंगली, जाता जाता दाराच्या चौकटीवर फवारा मारला आणि बाहेर पडला. आता आत खायला फारसं उरलं नव्हतं आणि वास मात्र खंडूचा. मी उठून पुन्हा सुकट टाकली असती तर सगळी पांगली असती.

अशा वेळी काहीच करायचं नसतं, आणि तेच कठीण. मुंग्या आल्या पायाला. मठाकडून परतणारी माणसं स्टेशनाकडे चालली होती, एक बाई थांबून बघू लागली, तिला वाटलं मी काही करणी-बिरणी करतेय. मार्गशीर्ष गुरुवारी तिन्हीसांजेला सुतळी धरून बसलेली बाई. तिने देवाचं नाव घेतलं आणि पाऊल उचललं.

६.०५

खंडू टपरीकडे गेला. बिस्किटं न टाकण्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचला नसावा. तो गेल्यावर कडेचं पिवळं अंग उठलं.

बुंदी पिंजऱ्याला वळसा घालून मागून आली. जाळीतून नाक लावलं, चादरीला. आणि थांबली. सुकटीचा तुकडा तिच्या नाकापासून वीतभर होता, तो तिने बघितलाही नाही. चादरच हुंगत राहिली, मग पुढच्या दोन्ही पायांनी जाळीवरून ती ओढायचा प्रयत्न करू लागली. चादर येईना. ती पिंजऱ्याच्या कडेकडेने सरकत दारापर्यंत आली, मान आत, खांदे आत. घाटावरून गाडी उतरत होती. मला वाटलं आता पळेल. कान मागे गेले खरे, पण पाय आणखी एक पाऊल आत पडले. चादरीच्या मधोमध जाऊन ती तिच्यावर पाय मळायला लागली, पीठ मळावं तसं, आळीपाळीने, डोळे अर्धे मिटून. शेपूट दाराच्या आत.

हिसका दिला.

दार पडल्याचा आवाज झाला आणि तिने स्वतःला जाळीवर फेकलं. मी झाकणाचा तुकडा टाकला, अंधार झाला तशी ती गप्प झाली. झाकण कधीच विसरायचं नाही. उघड्या पिंजऱ्यात मांजर नाक रक्तबंबाळ करून घेतं. झाडावरून एक पोरगं पडल्यासारखं उतरलं आणि म्हणालं, “तीळ बघा, तीळ.” टॉर्च लावून फटीतून बघितलं. खालचा ओठ, उजवीकडे, दोन.

७.००

घरी, न्हाणीघरात. खिडकी आधीच जाळी ठोकून बंद. पिंजऱ्याचं दार उघडून मी बाहेर आले. बाहेर यावं म्हणून हात घालायचा नाही, ओढायचं नाही. बशीत दोन चमचे उकडलेली कोंबडी, पाणी, वाळूचं घमेलं. दोनच चमचे, कारण उपाशी राहिलेल्या मांजराला एकदम भरपेट दिलं तर पचत नाही. आणि मांजराने काही दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याचं यकृत चरबीने भरून बिघडतं, म्हणून आज रात्रीत तिने थोडं तरी खाल्लं का, हे बघणं महत्त्वाचं. ताप वाटला तरी माणसाची पॅरासिटॅमॉल मांजराला अजिबात नाही. ती त्यांना विष आहे, आणि दरवर्षी कुणीतरी प्रेमापोटी देतं.

कोंबडीचा वास वहिनींकडे गेला नसेल अशी आशा. मार्गशीर्ष गुरुवारी सुकट, वर कोंबडी.

फोन केला. पलीकडे आधी कुणी बोललंच नाही, मग तिघंही एकदम.

९.३०

गाडीने आले. मुलगी पहिली आत. तिला उंबऱ्यावर बसवलं आणि सांगितलं, हाक मारू नकोस, हात पुढे करू नकोस, नुसती बस. बुंदीने कोपऱ्यातून तिच्याकडे बघून फुत्कार टाकला. मुलीचे डोळे भरले.

“काकू, ही आपलीच आहे ना?” आईने हळूच विचारलं.

“आहे. पण तिच्या अंगाला अजून स्टेशनचा वास आहे आणि तुमच्या अंगाला गाडीचा. तास-दोन तास जाऊ देत.”

तास नाही लागला. वडील व्हरांड्यात फेऱ्या मारत होते, त्यांनी सवयीने खोकल्यासारखा काहीसा आवाज केला आणि आतून म्याव ऐकू आलं. पुढचं त्यांचं त्यांना बघू दिलं आणि मी वऱ्याचे उरलेले तांदूळ घेऊन स्वयंपाकघरात बसले.

निघताना सूचना दिल्या. पेटी गाडीत उघडायची नाही, कितीही रडली तरी. घरी दोन आठवडे वेगळ्या खोलीत. उद्याच डॉक्टर: जंताचं औषध, पिसवांसाठी मांजराचंच औषध, कुत्र्याचं नाही, त्यातलं परमेथ्रिन मांजराला मारतं. रेबीजची लस आणि बाकीच्या लसी तपासून घ्या, रक्ताची तपासणी करा, कारण बाहेर बोक्यांशी मारामारी झाली असेल तर काही विषाणू त्यातून येतात. आणि चिप बसवा. पंधरा आकडी नंबर असतो, तांदळाच्या दाण्याएवढी.

वडिलांनी विचारलं, “काकू, किती झाले? पिंजरा, मासळी, सगळं…”

“मासळीचं काही नाही. स्टेशनावर एक पिवळा बोका आहे, गालफडांचा. सोमवारी त्याला पनवेलला न्यायचाय ऑपरेशनला. त्याचे द्या.”

त्यांनी तिथल्या तिथे मोबाईलवरून पाठवले, आणि टीपेत काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, खंडू.